आवाज बंद, वाजवणं चालू

माझ्या नणंदेने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी घरात ड्रम आणले, तेव्हा मी तिच्या बाजूने नव्हते. हे आधीच सांगून टाकते. नंतर जे झालं त्यावरून लोक मला मोठी धीराची बाई समजतात, आणि ते काही खरं नाही.

नणंद म्हणजे यांची थोरली बहीण. लग्न होऊन आले तेव्हा मी त्यांना वन्सं म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "मला ताई म्हण. वन्सं म्हटलं की वाटतं माझ्या मागे कोणीतरी म्हातारी उभी आहे." तेव्हापासून ताई. त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही हे कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "राहून गेलं," आणि पुढचा प्रश्न विचारायची सोय ठेवायच्या नाहीत. आमच्याकडेच राहायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, एक आमची, एक ताईंची, एक मुलीची. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि तिची खोली रिकामी पडली.

ताई बसच्या डेपोत सीटा शिवायच्या. फाटकी, दबलेली सीट त्यांच्यासमोर आली की जुनं रेक्झिन सोलायचं, आतला फोम बदलायचा, नवं रेक्झिन चारी बाजूंनी ताणून खाली बारीक खिळ्यांनी ठोकायचं. एकतीस वर्षं हेच काम. त्यांची शिलाई मशीन आणि ठोकायचं टेबल शेडच्या टोकाला होतं, मधे नुसता पत्र्याचा पडदा, आणि पलीकडे इंजिनं. दिवसभर इतका गोंगाट की तिथली माणसं घरी आल्यावरही ओरडूनच मीठ मागायची. त्या गोंगाटातही ताईंची हातोडी ओळखू यायची म्हणे. दोन ठोके जोरात, एक हळू, मग दोन भरभर. त्यांना स्वतःला याचा पत्ताही नव्हता. पलीकडचा म्हातारा फिटर एकदा पडदा बाजूला करून म्हणाला, "बाई, तुम्ही खिळे ठोकता की ताल धरता?"

हा फिटर डेपोच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. बँड म्हणजे ट्रम्पेटवाला कंडक्टर, गिटार वाजवणारे दोन ड्रायव्हर, तिकीट विभागातला एक गाणारा आणि हा फिटर. वर्षातून एकदा डेपोचा कार्यक्रम व्हायचा, बसगाड्या बाहेर काढून शेडमध्ये खुर्च्या मांडायचे, तेव्हा हे लोक वाजवायचे. फिटरचा उजवा गुडघा गेला, तो निवृत्त झाला, आणि डेपो मॅनेजरने ठरवलं की आता तालासाठी एक छोटं यंत्र आणू, बटण दाबलं की झालं. ड्रम भंगारात काढायला सांगितले.

ताई मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या. पुढचं संभाषण त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मीच तिथे होते असं वाटतं.

"भंगारात देण्यापेक्षा मला द्या."

"तुम्ही काय करणार त्याचं?"

"वाजवणार."

"तुम्हाला येतं?"

"येत नाही, म्हणून तर घरी नेतेय."

मॅनेजर हसला आणि त्याने सही केली. हसला नसता तर ताई कदाचित विसरूनही गेल्या असत्या, पण तो हसला. बाहेर येऊन त्यांनी कंडक्टरला गाठलं आणि विचारलं, पुढच्या कार्यक्रमापर्यंत मला जमलं तर मला बसवाल का? कंडक्टर भला माणूस. तो म्हणाला, "अकरा महिने आहेत. ताल सुटणार नाही इतकं झालं तर बसा. नाहीतर यंत्र आहेच."

डेपोच्या टेम्पोतून ड्रम आले. एक भलामोठा, आडवा ठेवून पायाने पेडल दाबून वाजवायचा. एक पसरट, तडतडणारा, त्याला स्नेअर म्हणतात. दोन मध्यम, एक खाली उभा, आणि पितळी झांजा, त्यातल्या दोन एकमेकींवर बसवलेल्या, पायाने उघडझाप होणाऱ्या. हे दारात उभे राहून बघत होते.

"ताई, हे काय?"

"ड्रम."

"ते दिसतंय. इथे का?"

"पोरीच्या खोलीत ठेवते. ती कुठे आहे इथे?"

त्या संध्याकाळी ताईंनी सगळं जोडलं, स्टुलावर बसल्या आणि स्नेअरवर एकच काठी मारली. फक्त एकच. माझ्या हातातला कप बशीत उडाला. वरच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला, आणि पाच मिनिटांत आमची बेल तीनदा वाजली. तीन वेळा मीच दार उघडलं आणि तीन वेळा मीच माफी मागितली. परत आले तर ताई काठ्या मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या.

"कळलं," त्या म्हणाल्या. "आता बघते काय करायचं ते."

मी म्हटलं, "ताई, करायचं काय त्यात? परत करा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या ताटातली पोळी उचलली.

पुढचे तीन आठवडे त्यांनी एकही ठोका मारला नाही. रविवारी सकाळी त्या फिटरच्या घरी जायच्या, तो त्यांना खुर्चीच्या गादीवर आणि लाकडी स्टुलावर काठ्या चालवायला शिकवायचा. उजवा, डावा, उजवा, डावा, समोर भिंतीवरच्या घड्याळाबरोबर. आणि रोज संध्याकाळी घरी त्या ड्रमची मापं घ्यायच्या. एकतीस वर्षं सीटा बसवलेला हात. त्यांनी प्रत्येक ड्रमला, जसं सीटला बसवतात, तसं झाकण शिवलं. खाली फोमचा पातळ थर, वर बसच्या टायरच्या ट्यूबचं रबर चोपून ताणलेलं, कडेला नाडी ओढून घट्ट आवळलेली. मोठ्या ड्रमच्या पोटात दोन जुन्या रजया कोंबल्या. पेडलच्या गोळ्याला जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं कापड, गुंडाळला. झांजांच्या कडांना रबराच्या पट्ट्या लावल्या. काठी रबरावरून नीट उसळली पाहिजे, मेलेल्या माशासारखी पडून राहता कामा नये, म्हणून ते रबर त्यांनी चार वेळा काढून पुन्हा ताणलं.

मग त्या वाजवायला बसल्या. मी स्वयंपाकघरात होते. जाड पुस्तकावर कोणी बोटं आपटावीत, तेवढाच आवाज. वरचा कुत्रा गप्प. बेल नाही. दोन दिवस, चार दिवस, आठवडा झाला. मला वाटलं, सुटलो.

नवव्या दिवशी खालच्या मजल्यावरची नर्सबाई आली. ही इस्पितळात काम करायची, एकटी राहायची. तिच्या पाळ्या दर आठवड्याला बदलायच्या, कधी दिवसाची, कधी रात्रीची, त्यामुळे ती कधी झोपलेली असेल याचा नेम नसे. चिडलेली नव्हती. डोळे मात्र लाल होते.

"मला आवाज येत नाही," ती म्हणाली. "खरंच येत नाही. पण धक्का येतो. पलंगाला. कोणीतरी पलंगाचा पाय खालून ठोकतंय असं वाटतं."

मी नेहमीप्रमाणे माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात ताई मागून म्हणाल्या, "मला तुमच्या पलंगावर झोपून बघू द्या."

नर्सबाई बावरली. पण ताई चप्पल घालून निघाल्यासुद्धा. जाताना मला म्हणाल्या, "तू वर बस आणि पेडल मार. एक ते शंभर मोज." म्हणजे मी, जिने ड्रम परत करा म्हणून सांगितलं होतं, ती मीच मुलीच्या खोलीत बसून पायाने ड्रम ठोकत होते आणि मोठ्याने आकडे म्हणत होते. हे दारातून डोकावले आणि परत गेले.

ताई वर आल्या. "बरोबर बोलतेय ती. एकेक ठोका पाठीत येतो."

"म्हणजे आता बंद," मी म्हटलं.

"आवाज बंद," ताई म्हणाल्या. "वाजवणं चालू."

आवाज हवेतून जात नव्हता, तो जमिनीतून जात होता, हे त्यांना त्या पलंगावर कळलं होतं. दुसऱ्या दिवशी डेपोत त्या पडद्याच्या पलीकडे गेल्या आणि इंजिनवाल्यांना विचारलं, एवढं थरथरणारं इंजिन गाडीत बसवता, मग माणसांचे दात का नाही पडत? त्यांनी दाखवलं. इंजिन थेट लोखंडावर टेकवत नाहीत, प्रत्येक टेकूखाली रबर असतं. थरथर त्या रबरातच विरते.

ताई घरी आल्या त्या टेनिस क्लबवरून. तिथल्या माळ्याकडे एक पोतं होतं, मऊ पडलेल्या, टाकून द्यायच्या टेनिसच्या बॉलचं. त्यांनी त्यातले चौसष्ट बॉल निवडून आणले, प्रत्येक दाबून बघितलेला. डेपोच्या सुताराकडून प्लायवूडचे दोन मोठे तुकडे कापून घेतले. खालच्या तुकड्यात बॉलपेक्षा जराशी लहान अशी चौसष्ट भोकं पाडली, त्यात बॉल बसवले, वर दुसरा तुकडा, त्यावर रबराची चटई, आणि त्यावर सगळे ड्रम आणि ताईंचं स्टूलसुद्धा. चढून बसलं की किंचित होडीत बसल्यासारखं वाटायचं. हे पहिल्यांदा कौतुकाने त्यावर उभे राहिले आणि चष्मा सावरत खाली उतरले.

त्या आठवड्यात नर्सबाईची रात्रपाळी होती, म्हणजे दिवसा झोप. ताईंनी मला खाली पाठवलं. मी तिच्या पलंगाजवळ खुर्ची घेऊन बसले, ती आडवी झाली, एक हात पलंगाच्या दांड्यावर ठेवून वाट बघत राहिली. वर ताई वाजवत होत्या, हे मला माहीत होतं, कारण पाच वाजून गेले होते आणि ताई वेळेच्या पक्क्या. पण खोलीत ऐकू येत होतं फक्त फ्रिजचं गुणगुणणं. मी दहा मिनिटांनी विचारलं, "काही जाणवतं का हो?" उत्तर नाही. बघते तर तिला झोप लागली होती. मी दार ओढून घेतलं आणि पाय न वाजवता जिना चढले.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दुसऱ्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहायचे. मधे अंगण, दोन झाडं आणि गाड्यांची रांग. त्यांना आमच्या घरात बॉम्ब फुटला तरी खिडकी उघडून बघावं लागलं असतं. पण त्यांनी प्लायवूड वर जाताना पाहिलं होतं, चौकशी केली होती, आणि त्यांना कळलं होतं की तिसऱ्या मजल्यावरची बाई ड्रम वाजवते. तेवढं पुरलं.

मीटिंग गाड्या लावतात तिथे झाली, सतरा घरांपैकी बहुतेकांची माणसं खुर्च्या टाकून बसलेली. सेक्रेटरींनी कागद वाचला. इमारतीत कोणतंही तालवाद्य ठेवायला आणि वाजवायला मनाई.

ताई उठल्या. "ज्यांना माझे ड्रम ऐकू येतात त्यांनी हात वर करावा."

एकही हात वर आला नाही. नर्सबाई म्हणाली, "बरोबर खाली मी राहते. मला येत नाही."

"प्रश्न तुमच्या कानांचा नाही," सेक्रेटरी म्हणाले, "तत्त्वाचा आहे. आज ड्रम आलेत, उद्या कोणी घोडा आणेल."

"घोडा आणला तर घोड्याची मीटिंग घ्या," ताई म्हणाल्या. "आज ड्रमची घेतलीय तर ड्रमचं बोला. काय त्रास झाला, कोणाला झाला, किती वाजता झाला?"

मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, पण या वयात..."

ताई तिकडे वळल्या. "आवाज मोजायला बसलोय की वय? वय मोजायचं असेल तर सगळ्यांचंच मोजू. सुरुवात तुमच्यापासून."

लोक हसले. पण हसणाऱ्यांनीही मतं ठरावाच्या बाजूने दिली. अकरा विरुद्ध तीन. सतरा घरं म्हटल्यावर उरलेल्या तीन घरांचा हिशेब लागत नाही, तर तो मी लावते. दोन घरं आलीच नव्हती, आणि एक आमचं. यांनी हात वर केला नाही, ना इकडे ना तिकडे. माझेही दोन्ही हात मांडीवरच होते. ताईंनी आमच्याकडे वळून बघितलं नाही, आणि ते बघितल्यापेक्षा वाईट होतं.

चौथ्या दिवशी पत्र आलं, ताईंच्या नावाने नाही, यांच्या नावाने, कारण घर यांच्या नावावर. आपल्या घरातील व्यक्तीस समज द्यावी, असं त्यात लिहिलं होतं. हे चष्म्याच्या दुकानात काम करायचे. दिवसभर लोकांना विचारायचे, आता स्पष्ट दिसतं का, आणि लोक हो म्हणाले की यांना बरं वाटायचं. भांडणाच्या जागेवरून हे नेहमी दोन पावलं मागे सरकत आलेले. जेवताना हे ताटाकडे बघत म्हणाले, "ताई, घर माझ्या नावावर आहे. उद्या काही झालं तर मला निस्तरावं लागेल."

मला वाटलं ताई भडकतील. त्या हळू बोलल्या.

"घर तुझ्या नावावर आहे हे मी विसरले नाही. तू म्हण, की ताई, ड्रम घेऊन निघ. मी उद्या खोली बघते. पण ते तू तुझ्या तोंडाने म्हण. त्या सेक्रेटरीचं वाक्य माझ्या ताटात वाढू नकोस."

यांनी हातातला घास ताटात ठेवला. हे एवढंच म्हणाले, "मी असं कुठे म्हटलं?"

"मग नाही म्हणालास," ताई म्हणाल्या आणि जेवायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता त्यांनी जे केलं, ते मी अजून विसरलेले नाही. त्यांनी घराचं दार सताड उघडलं, मुलीच्या खोलीचंही उघडलं, दोन्ही दारांना खालून पाचर लावली आणि वाजवायला बसल्या. जिन्यावरून सरळ दिसेल असं. ज्याला ठराव मोडताना बघायचं असेल त्याने यावं.

लोक यायला लागले. भाजीची पिशवी घेऊन वर जाणारे आपोआप थांबायचे. समोर एक बाई दोन्ही हात, दोन्ही पाय वेगवेगळे चालवतेय, घामाने कपाळ भिजलंय, आणि आवाज म्हणाल तर कोणी चटईवर बटाटे ओततंय असा. मीटिंगमध्ये ठरावाला मत दिलेले पहिल्या मजल्यावरचे आजोबा तर रोज थांबायचे. एकदा मला म्हणाले, "मी समजत होतो फार मोठं काही असेल." त्यांच्या बोलण्यात जराशी निराशाच होती.

पाचव्या की सहाव्या दिवशी सेक्रेटरी स्वतः आले. हातात मोबाईल, पुरावा म्हणून आवाज टिपायला. उंबऱ्यावर उभे राहून त्यांनी मोबाईल पुढे धरला. ताईंनी त्यांच्याकडे बघितलं, ठोका चुकवला नाही, आणि मानेनेच आत या म्हणून खूण केली. ते आत आले नाहीत. दोन मिनिटं टिपून त्यांनी ते तिथेच लावून बघितलं. त्यात वरच्या मजल्यावरचा मिक्सर होता, खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि जिने चढून आलेल्या सेक्रेटरींचा श्वास होता.

"हे चालायचं नाही," ते मला म्हणाले. "लेखी उत्तर द्या. तीन दिवसांत."

मी शाळेच्या कचेरीत बावीस वर्षं पत्रं लिहिलीत. पालकांना, खात्याला, कंत्राटदारांना. विनंती, दिलगिरी, स्मरणपत्र, सगळी वळणं पाठ आहेत. त्या दुपारी कोरा कागद घेतला आणि सवयीने लिहिलं, 'झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' आणि हात थांबला. कोणाची गैरसोय? कसली दिलगिरी? बेल तीनदा वाजली त्या दिवसापासून मी एकसारखी माफी मागत होते, आणि जिने खरोखर चूक सुधारली ती बाई एकदाही तोंड पाडून उभी राहिली नव्हती. मी कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं:

'पत्र मिळाले. ज्यास आवाज ऐकू येतो अशा एका तरी रहिवाशाचे नाव कळवावे, आम्ही त्यांच्या घरी जाऊन ऐकू. तोपर्यंत वाजवणे चालू राहील.'

खाली सहीची जागा रिकामी ठेवून तो यांच्यापुढे सरकवला. यांनी दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, घातला, परत वाचला.

"जरा सौम्य नाही का करता येणार?"

"नाही," मी म्हटलं.

यांनी सही केली. नुसती आद्याक्षरं नाहीत, पूर्ण नावाची सही आहे. आणि संध्याकाळी पाच वाजता हे दुकानातून लवकर आले, उघड्या दाराबाहेर जिन्यावर खुर्ची टाकली आणि पेपर वाचत बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला पाय आखडून वाट दिली. त्यानंतर महिनाभर रोज बसले.

सेक्रेटरींकडून नाव आलं नाही. दोन स्मरणपत्रं मात्र आली, त्यांना मी तेच उत्तर तारीख बदलून पाठवलं. एकदा वकिलाकडे जाण्याचीही भाषा झाली. ते गेलेही असावेत, कारण मग पत्रं बंद झाली. ठराव होता तिथेच राहिला, नोटीस बोर्डावर, काचेमागे.

दहाव्या महिन्यात ताईंना डेपोतून तालमीला बोलावलं. मी सोबत गेले. मोकळ्या शेडमध्ये कंडक्टर, दोन्ही ड्रायव्हर, गाणारा, आणि काठी टेकत आलेला तो म्हातारा फिटर. आम्ही ड्रम झाकणांसकट आणले होते. फिटरने सांगितलं, "काढा ती." ताईंनी नाड्या सोडल्या, रजया ओढून काढल्या. दहा महिन्यांनी ड्रम पहिल्यांदा उघडे पडले.

गाणं सुरू झालं आणि ताईंनी पहिला ठोका मारला, आणि त्या स्वतःच दचकल्या. मला दिसलं ते. खांदे वर गेले, मान आत आली. त्यानंतर त्या वाजवत राहिल्या, ताल एकदाही सुटला नाही, पण असं वाजवत होत्या जसं कोणी झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं. कंडक्टरने ट्रम्पेट खाली केला. "ताल पक्का आहे. कबूल. पण मागच्या रांगेला काय ऐकू येणार? एवढंच असेल तर यंत्र परवडलं."

दुसऱ्यांदा वाजवलं, तसंच झालं. तिसऱ्यांदा तसंच. ताईंच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती बघितली. मीटिंगमध्ये नव्हती ती, घर सोडायच्या गोष्टी निघाल्या तेव्हा नव्हती. "हात उठत नाही," त्या म्हणाल्या. "मनगटच अडतं. सगळं आवाज दाबायलाच शिकले मी."

फिटर म्हणाला, "दाबायला शिकला नाहीत. सांभाळायला शिकलात. एवढ्या हळू आवाजात असा स्वच्छ ताल मला तीस वर्षांत जमला नाही. आता फक्त हात सोडायचाय, ते एका दुपारचं काम." मग त्याने सगळ्यांना चहाला पाठवलं आणि ताईंना एकटीने स्नेअरवर एकेक ठोका मारायला लावला, प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा थोडा मोठा. मी शेडबाहेर उभी होते. पहिले वीसेक ऐकूच आले नाहीत. मग टकटक. मग तडतड. ताई थांबल्या. बहुतेक त्यांनी आजूबाजूला बघितलं असेल, बेल वाजतेय का, कोणी येतंय का. कोणी आलं नाही. आणि मग पत्र्याच्या त्या अख्ख्या शेडमध्ये असा काही कडकडाट झाला की छपरावरची कबुतरं एकदम उडाली आणि कंडक्टरच्या कपातला चहा त्याच्या गणवेशावर सांडला. तो शर्ट झटकत म्हणाला, "जमलं वाटतं."

कार्यक्रमाच्या दिवशी तीनशे माणसं होती. हे पहिल्या रांगेत, नर्सबाई सुट्टी घेऊन आलेली. ताईंनी केस घट्ट बांधले होते आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या, कामावर दुमडतात तशाच. पाच गाणी वाजवली. चौथ्या गाण्यात एक जागा होती जिथे बाकीचे थांबतात आणि ड्रम एकटे वाजतात. ती जागा आठ मोजण्याएवढी ठरली होती. ताईंनी ती बत्तीसपर्यंत नेली. कंडक्टर ट्रम्पेट ओठांशी धरून वाट बघत उभा, गिटारवाले एकमेकांकडे बघताहेत, आणि ताईंचं कोणाकडेच लक्ष नाही. यांनी माझा हात धरला होता, इतका घट्ट की बांगडी रुतली. मी बघितलं तर हे रडत होते आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

नंतर मॅनेजर स्टेजमागे आला, छान झालं म्हणाला, आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी जरा हळू वाजवा. पाहुण्यांच्या कानठळ्या बसल्या."

ताई काठ्या पुसत होत्या. "हळू मी घरी वाजवते," त्या म्हणाल्या. "इथे नाही."

निवृत्त होईपर्यंत आणखी सहा वर्षं ताई त्या बँडमध्ये वाजवत होत्या. ते यंत्र कोणी आणलंच नाही. दुसऱ्या वर्षी सोसायटीच्या निवडणुकीत सेक्रेटरी बदलले आणि नवे स्वतःहून आले. म्हणाले, तुम्ही एक साधा अर्ज द्या, ठराव मागे घेऊन टाकतो. मी कागद काढायला उठले, पण ताईंनी मला बसवलं.

"मी अर्ज नाही देणार," त्या म्हणाल्या. "परवानगी मागितली तर परवानगी लागते असं होईल."

ताईंनी घड्याळाकडे बघितलं, पाचला दोन मिनिटं कमी होती, आणि नव्या सेक्रेटरींना विचारलं की चहा इथे घेणार की आत बसून ऐकणार. ते आत बसले.